विंडोज १० 'बंद' झाली म्हणता? कॉम्प्युटर बदलण्याआधी हे वाचा

मालेगाव (जि. वाशिम) : मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. ही विंडोज २९ जुलै २०१५ ला आली होती, म्हणजे दहा वर्षं चालली. आपले सरकार सेवा केंद्र, झेरॉक्स-टायपिंगचं दुकान, लग्नपत्रिका छापणारा प्रेस, कृषी सेवा केंद्र, आडत दुकान, पतसंस्था, ग्रामपंचायत, शाळा... जिथं म्हणून सात-आठ वर्षं जुना कॉम्प्युटर आहे तिथं हा विषय येतोच. स्क्रीनवर अख्खी पाटी येते की विंडोज ११ वर या. नाहीतर पाटी सांगते की हा कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालणार नाही, नवा घ्या. मग कोणीतरी सांगतो, जुनी विंडोज बंद झाली, आता बदलावंच लागते.

बदलावंच लागते असं नाही. निदान लगेच तर नाहीच. पण काहीच न करता बसणंही बरोबर नाही, कारण या कॉम्प्युटरात नुसती दुकानदाराची बिलं नसतात. शिरपूर, मेडशी, किन्हीराजा, जऊळका, मुंगळा इकडून आलेल्या कास्तकारांचे आधार, पासबुक, सातबारा आणि लेकरांच्या टीसीचे स्कॅन त्यात पडून असतात. म्हणून हा विषय ज्याचा कॉम्प्युटर आहे त्याचा जेवढा, तेवढाच ज्याचा कागद त्यात आहे त्याचाही.

नेमकं बंद काय झालं

विंडोज १० चालायची थांबलेली नाही. बटण दाबलं की ती सुरू होते, प्रिंट निघते, इंटरनेट चालते. थांबलं ते एवढंच, की त्या विंडोजमध्ये नवीन भोक सापडलं तर कंपनी आता ते फुकटात बुजवून देणार नाही. भोकं सापडत राहतात. म्हणून पहिल्या महिन्यात काही होत नाही, पण जितके दिवस जातील तितका धोका वाढत जातो.

इथं दोन शब्दांत घोळ होतो. अपडेट वेगळं आणि अपग्रेड वेगळं. अपडेट म्हणजे घराची डागडुजी. कवेलू फुटलं, बदललं. अपग्रेड म्हणजे जुनं घर सोडून नव्या घरात जाणं. डागडुजी नाकारू नये. नव्या घरात जायचं की नाही, कधी जायचं, हे मात्र ज्याचं सामान आहे त्यानं ठरवायचं. पुष्कळ लोक अपग्रेडच्या भीतीने अपडेटच बंद करून ठेवतात. ते चुकीचं आहे.

ब्राउझर हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, तरी क्रोम तिच्यावर अपडेट होत राहिलं ते २०२३ च्या सुरुवातीपर्यंत. म्हणजे विंडोजचा सपोर्ट संपला त्याच दिवशी सरकारी पोर्टल उघडायचं बंद होतं असं नाही. विंडोज १० वरच्या डिफेंडर या अँटीव्हायरसची नवी माहिती ऑक्टोबर २०२८ पर्यंत येत राहील असं मायक्रोसॉफ्टने जाहीर केलं आहे. मात्र अँटीव्हायरस म्हणजे राखणदार झाला. कुंपणाला भगदाड पडलं असेल तर ते तो बुजवत नाही.

आपला कॉम्प्युटर विंडोज ११ ला चालतो का

विंडोज ११ ही ५ ऑक्टोबर २०२१ ला आली. तिच्या अटी आधीच्या विंडोजपेक्षा कडक आहेत. रॅम किमान ४ जीबी, डिस्क किमान ६४ जीबी, सिक्युअर बूट आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप. सगळ्यात जास्त लोक अडतात ते प्रोसेसरवर. इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचाच चालतो, आणि ती पिढी २०१७ मध्ये आली. कॉम्प्युटरवरच्या स्टिकरवर किंवा बिलावर आय-३, आय-५ च्या पुढे जो आकडा असतो त्यावरून कळतं. आय-३ ७१०० म्हणजे सातवी पिढी, चालत नाही. आय-३ ८१०० म्हणजे आठवी, चालते. ३२ बिटवाला कॉम्प्युटर तर सरळ बाद, कारण विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच निघते.

हे तपासायला कोणाला पैसे द्यायची गरज नाही. मायक्रोसॉफ्टचं 'पीसी हेल्थ चेक' नावाचं फुकट ॲप आहे, ते हो किंवा नाही आणि का नाही ते सांगते. कधी कधी टीपीएम कॉम्प्युटरात असते पण बायोसमध्ये बंद ठेवलेली असते. तेवढी चालू केली की 'नाही'चं 'हो' होतं. नव्या कॉम्प्युटरचे हजारो रुपये मोजण्याआधी ही दहा मिनिटांची तपासणी करून घ्यावी.

काय अडतं, म्हणून थांबायचं

बदल नको म्हणणाऱ्याला लोक मागासलेला म्हणतात. पण ज्याचं पोट त्या एका कॉम्प्युटरवर आहे त्याची कारणं खरी असतात.

पहिलं कारण अंगठ्याचं मशीन. सेवा केंद्रात आधारची ओळख पटवायला जे मशीन असतं ते 'आरडी सर्व्हिस' नावाच्या प्रोग्राममधून चालतं आणि तो प्रोग्राम मशीन बनवणारी कंपनी देते. विंडोज बदलली की तो परत टाकावा लागतो, ड्रायव्हर परत टाकावा लागतो, ब्राउझरशी त्याची जोडणी परत बघावी लागते. मशीन जुनं असेल आणि कंपनीने त्या मॉडेलचा नवा ड्रायव्हर काढलाच नसेल तर विंडोजसोबत मशीनही नवं घ्यावं लागतं. हा खर्च कोणी आधी सांगत नाही.

तसंच डिजिटल सहीच्या टोकनचं. ग्रामपंचायतीचं पेमेंट ई-ग्रामस्वराजवरून करायचं तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) दोघांच्याही डिजिटल सह्या लागतात. पेन ड्राइव्हसारखं ते टोकन, त्याचा ड्रायव्हर, सही करायचा छोटा प्रोग्राम, हे सगळं एकदाचं जुळलेलं असतं. मार्चअखेरच्या घाईत विंडोज बदलली आणि टोकन दिसेनासं झालं, तर निधी खात्यात असून खर्ची पडत नाही. ज्या कॉम्प्युटरवर टोकन लागतं त्याला मार्च महिन्यात हात लावू नये.

प्रिंटर-स्कॅनरचंही तसंच. आडतीवर आणि कृषी सेवा केंद्रात अजून डॉट मॅट्रिक्स प्रिंटर दिसतात. कार्बनच्या दोन-तीन प्रती एका दमात त्यावरच निघतात, लेझरवर निघत नाहीत. जाड केबलचं जुनं पोर्ट नव्या कॉम्प्युटरला बहुधा नसतंच. जुना हिशेबाचा प्रोग्राम कोण्या ओळखीच्या पोराकडून बनवून घेतलेला असतो, तो पोरगा आता पुण्याला नोकरीला लागलेला असतो. असा प्रोग्राम ६४ बिटवर चालेल की नाही, हे करून बघितल्याशिवाय कळत नाही. १६ बिटचे अगदी जुने प्रोग्राम तर ६४ बिटच्या कोणत्याच विंडोजवर चालत नाहीत.

प्रेसवाल्यांची अडचण सगळ्यात मोठी

लग्नपत्रिका, बारशाचं कार्ड, दुकानाचं बिलबुक, तेरवीचं पत्र, निवडणुकीतलं पॅम्प्लेट हे काम कित्येक ठिकाणी अजून पेजमेकर किंवा कोरलड्रॉच्या जुन्या व्हर्जनवर चालतं. पेजमेकर ७.० हे त्यातलं शेवटचं, २००१ सालचं. ॲडोबीने पुढचं काढलंच नाही. सोबत श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी असे फॉन्ट.

हे जुने फॉन्ट म्हणजे काय प्रकार आहे ते समजून घेण्यासारखं आहे. युनिकोड सर्रास होण्याआधी कॉम्प्युटरला मराठी अक्षर ओळखू येत नव्हतं. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या जागेवर मराठी अक्षरांची चित्रं बसवली. आपल्याला पडद्यावर मराठी दिसते, पण फाइलच्या पोटात इंग्रजी अक्षरं आणि खुणाच असतात. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की म्हणूनच सगळा इंग्रजी कचरा दिसतो. आणि प्रत्येक कंपनीने चित्रं आपापल्या मनाने बसवली, त्यामुळे कृतिदेवमधला मजकूर श्रीलिपीत वाचता येत नाही.

फॉन्टची फाइल तशी नव्या विंडोजवरही बसते. अडतो तो टायपिंगचा प्रोग्राम. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरला डोंगल म्हणजे यूएसबीचं कुलूप असतं. जुन्या डोंगलचा ड्रायव्हर नव्या विंडोजने नाकारला की पैसे देऊन घेतलेलं सॉफ्टवेअरही उघडत नाही. नवीन व्हर्जन घ्यायचं तर परत पैसे. शिवाय हाताची सवय. रेमिंग्टनच्या कळांवर ज्याची बोटं वीस वर्षं बसली आहेत त्याला ऐन लग्नसराईत नवीन कळपाट शिका म्हणणं म्हणजे पेरणीच्या दिवसात बैल बदलण्यासारखं आहे.

प्रेसच्या अशा कॉम्प्युटरला सोपा उपाय आहे: त्याचं इंटरनेट काढून टाका. वायर काढा, वायफाय बंद करा. जुनी विंडोज, जुना पेजमेकर, जुनं डोंगल, जसं आहे तसं चालू द्या. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आणि मजकूर दुसऱ्या कॉम्प्युटरवर घ्या, तिथं अँटीव्हायरसने तपासा आणि पेन ड्राइव्हने इकडे आणा. पेन ड्राइव्हमधूनही व्हायरस येतो, म्हणून गिऱ्हाईकाचा पेन ड्राइव्ह या कॉम्प्युटरला थेट लावायचा नाही.

मात्र जुन्या फाइलींची एक तजवीज आताच करावी. ग्रामपंचायतीचे ठराव, संस्थेची घटना, पतसंस्थेची प्रोसिडिंग असं जपायचं जे जे जुन्या फॉन्टमध्ये आहे त्याची पीडीएफ काढून ठेवावी. पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत बांधला जातो, त्यामुळे ती कुठंही मराठीतच दिसते. मजकूर पुढं बदलावा लागणार असेल तर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये करून घ्यावा. पण तो डोळ्याखालून घातल्याशिवाय सही करू नये. रफार, जोडाक्षर आणि पहिली वेलांटी यांत कन्व्हर्टर हमखास घसरतो. नावातलं एक अक्षर बदललं तर वारस नोंदीला काय काय होतं ते तहसीलमध्ये खेटे घालणाऱ्याला विचारा.

डाटा, लाइट आणि हंगाम

विंडोज ११ उतरवायला काही जीबी डाटा जातो. गावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर कॉम्प्युटर चालवणाऱ्याचा दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा त्यातच संपून काम ठप्प होतं. अशा जोडणीला सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' करून ठेवलं की विंडोज मोठ्या फाइली मनाने ओढत नाही. अपग्रेड अर्ध्यात असताना लाइट गेली तर कधी कधी विंडोज उठतच नाही. यूपीएसची बॅटरी पाच मिनिटंही टिकत नसेल तर अपग्रेडचा विचार बॅटरी बदलल्यावरच करावा.

हंगामाचं तर सांगायलाच नको. जूनमध्ये दाखल्यांची गर्दी, जुलैत पीकविमा. उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, जातीचा दाखला यांच्या तारखा कॉलेजच्या प्रवेशाला बांधलेल्या असतात. त्या दिवसात सेवा केंद्राचा एक दिवस गेला तर केंद्रवाल्याचे पैसे जातात, पण पोराचा प्रवेशही जाऊ शकतो. बदल करायचाच तर दिवाळीनंतर सोयाबीन निघून गेलं की किंवा पोळ्यानंतरच्या सुस्त आठवड्यात करावा. शनिवारी सुरू करावा म्हणजे रविवार हाताशी राहतो.

याआधी काय झालं होतं

लोक नवी विंडोज टाळतात हे काही आजचं नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आली तेव्हा ती इतकी जड होती की लोकांनी एक्सपी सोडली नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्टचं बटणच काढून टाकलं. ओरड झाली आणि वर्षभरात ८.१ मध्ये ते परत द्यावं लागलं. २०१६ मध्ये विंडोज १० चं अपग्रेड लोकांच्या मागे असंच लागलं होतं. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका ट्रॅव्हल एजंट बाईंनी, न विचारता अपग्रेड झालं आणि धंद्याचा कॉम्प्युटर निकामी झाला म्हणून मायक्रोसॉफ्टला कोर्टात ओढलं आणि १० हजार डॉलर मिळवले. ऑक्टोबर २०१८ मध्ये विंडोज १० चं एक मोठं अपडेट काही लोकांच्या फाइलीच पुसू लागलं, तेव्हा कंपनीने ते थांबवलं. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका बिघडलेल्या अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळे पडले. आपल्याकडे विमानतळावर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

म्हणजे नवीन आलं की चार महिने दुसऱ्यांना वापरू द्यावं, हे शहाणपणाचंच आहे.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. १२ मे २०१७ ला वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला आणि दीडशेहून जास्त देशांत पसरला. फाइलींना कुलूप लावायचं आणि खंडणी मागायची, असा तो होता. इंग्लंडमध्ये दवाखान्यांची कामं बंद पडली. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेलं होतं. ज्यांनी घेतलं नाही ते सापडले. आणि सापडलेले बहुतेक कॉम्प्युटर तेव्हा सपोर्ट चालू असलेल्या विंडोज ७ चे होते. त्यांची विंडोज जुनी झालेली नव्हती, अपडेट तेवढं राहून गेलं होतं. पुढच्याच महिन्यात, २७ जूनला, नॉटपेट्या आला. त्यात आपल्या महाराष्ट्रातल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं होतं.

आणि मोठमोठ्या बँकांनाही विंडोज बदलायला जमत नव्हतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, तरी चार वर्षांनंतर देशातली कितीतरी एटीएम एक्सपीवरच होती. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने तारखा घालून दिल्या आणि जून २०१९ पर्यंत सगळी बदला म्हणून सांगितलं. ज्यांच्याकडे इंजिनिअरांची फौज आहे त्यांना पाच वर्षं लागली. मग बस स्टँडजवळच्या एका टपरीएवढ्या केंद्राने दोन-चार महिने मागितले तर त्यात वावगं काही नाही.

वेळ विकत घ्यायची सोय

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना ठेवली आहे, तिला ईएसयू म्हणतात. घरगुती वापराच्या कॉम्प्युटरला ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. ३० डॉलर भरून घेता येते, किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करून कॉम्प्युटरच्या सेटिंगचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. एका खात्यावर दहा कॉम्प्युटर बसतात. त्यासाठी विंडोज १० ची २२एच२ ही आवृत्ती पाहिजे. ती बघायला विंडोजचं बटण आणि आर दाबून 'डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर' टाइप करा, आवृत्ती समोर येते. नंतर सेटिंगमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर नाव नोंदवायची लिंक दिसते.

संस्था आणि कार्यालयांसाठीचा दर वेगळा आहे. पहिल्या वर्षी एका कॉम्प्युटरला ६१ डॉलर, पुढच्या वर्षी दुप्पट, त्याच्या पुढच्या वर्षी परत दुप्पट, आणि तीन वर्षांनंतर नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा हिशेब केला तर नवा कॉम्प्युटरच बरा पडतो.

कॉम्प्युटर विंडोज ११ ला पात्र असेल आणि तरी आत्ता नको असेल तर पाटीवर खाली बारीक अक्षरात 'स्टे ऑन विंडोज १० फॉर नाऊ' असं बटण असतं. ते दाबायचं. मोठं रंगीत बटण दाबायचं नाही. चुकून अपग्रेड झालंच तर दहा दिवसांच्या आत सेटिंगमधल्या रिकव्हरीमध्ये जाऊन 'गो बॅक' करता येतं. दहा दिवसांनंतर जुनी विंडोज आपोआप पुसली जाते.

जुगाड आणि फोन

पात्र नसलेल्या कॉम्प्युटरवर अटी चुकवून विंडोज ११ टाकून देणारे भेटतात. ती चालते. पण अशा कॉम्प्युटरला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. म्हणजे ज्या अपडेटसाठी एवढा खटाटोप केला त्याचीच खात्री नाही. वापरायला जड होते ते वेगळंच.

त्याहून वाईट म्हणजे क्रॅक केलेली विंडोज. ती टाकताना पहिलं काम काय करतात, तर अँटीव्हायरस बंद करतात. त्या ॲक्टिव्हेटरमधून काय आत आलं ते कोणाला कळत नाही. आपल्या घरी सिनेमे बघायच्या कॉम्प्युटरवर कोणाला काय करायचं ते करो, पण जिथं दुसऱ्याचा अंगठा लागतो आणि दुसऱ्याच्या खात्यातून पैसे निघतात, तिथं क्रॅक नकोच.

'तुमची विंडोज बंद होणार आहे, आम्ही मायक्रोसॉफ्टमधून बोलतो' असा फोन आला तर तो खोटा समजावा. मायक्रोसॉफ्ट न बोलावता कोणाला फोन करत नाही. समोरचा एनीडेस्कसारखं ॲप टाकायला सांगतो आणि कॉम्प्युटर त्याच्या ताब्यात जातो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. जितक्या लवकर तक्रार, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

कोणी बदलावं, कोणी थांबावं

ज्या कॉम्प्युटरवर रोज लोकांचे अंगठे लागतात, बँकेचे व्यवहार होतात, सरकारी लॉगिन चालतं, तो सपोर्ट नसलेल्या विंडोजवर वर्षानुवर्षं ठेवता येत नाही. पात्र असेल तर हंगाम बघून विंडोज ११, नसेल तर ईएसयूची मुदत संपायच्या आत दुसरा कॉम्प्युटर. नवाच पाहिजे असंही नाही. आठव्या पिढीच्या पुढचा वापरलेला चांगला कॉम्प्युटर अकोल्याच्या बाजारात मिळत असेल तर तोही चालतो, फक्त पक्कं बिल घ्या.

कॉम्प्युटर हळू चालतो एवढंच दुखणं असेल तर विंडोजला दोष देण्याआधी आत जुनी हार्ड डिस्क आहे का ते बघा. तिच्या जागी एसएसडी बसवली तर जुन्या कॉम्प्युटरातही फरक पडतो, आणि खर्च नव्या कॉम्प्युटरच्या मानाने फार थोडा.

शाळेच्या किंवा घरच्या जुन्या कॉम्प्युटरला लिनक्स हा रस्ता आहे. ती फुकट आहे, जुन्या मशीनवर हलकी चालते, युनिकोड मराठी नीट दाखवते. केरळमधल्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं हीच शिकवली जाते. आपल्या सी-डॅक संस्थेची 'बॉस' नावाची लिनक्स आहे. पण अंगठ्याच्या मशीनचे प्रोग्राम बहुतेक विंडोज आणि अँड्रॉइडसाठीच निघतात, त्यामुळे सेवा केंद्राच्या मुख्य कॉम्प्युटरवर लिनक्स टाकायच्या फंदात पडू नये.

बदलताना

सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. डेस्कटॉप आणि 'डाउनलोड' ही दोन ठिकाणं हमखास विसरतात, आणि आपल्याकडे अर्धी केंद्रं डेस्कटॉपवरच भरलेली असतात. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड वहीत लिहून ती वही कुलपात ठेवा. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा बॅकअप त्याच सॉफ्टवेअरमधून घ्या आणि तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का ते बघा. न उघडून बघितलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाही.

एक गोष्ट नवीन आहे आणि ती फार महागात पडू शकते. विंडोज ११ च्या २०२४ पासूनच्या आवृत्तीत, नव्याने टाकताना मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की बहुतेक कॉम्प्युटरवर डिस्क आपोआप कुलूपबंद होते. त्या कुलपाची ४८ आकडी किल्ली त्या खात्यात जमा होते. दुरुस्तीवाल्याने घाईत स्वतःच्या ईमेलने खातं काढून दिलं किंवा पासवर्ड कोणालाच आठवत नसला, तर उद्या मदरबोर्ड बिघडल्यावर विंडोज ती किल्ली मागते आणि किल्ली नाही म्हणून सगळा डेटा गेला. म्हणून खातं स्वतःच्या मोबाइल नंबरवर, स्वतःच्या समोर काढून घ्या आणि ती किल्ली कागदावर छापून ठेवा.

गिऱ्हाईक म्हणून जाणाऱ्यानेही काही बघावं. काम झाल्यावर आपला स्कॅन पुसायला सांगा, रिसायकल बिनमधूनही. अंगठा रोज लागत नसेल तर आधारच्या ॲपमधून किंवा वेबसाइटवरून बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतं. लागेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडायचं.

आणि जुना कॉम्प्युटर विकताना किंवा भंगारात देताना नुसत्या फाइली डिलीट केल्याने काही पुसलं जात नाही, त्या परत काढता येतात. एक तर हार्ड डिस्क काढून घेऊन स्वतःजवळ ठेवा. नाहीतर विंडोज १० मध्ये सेटिंग, अपडेट अँड सिक्युरिटी, रिकव्हरी, 'रिसेट धिस पीसी' इथं जाऊन 'रिमूव्ह एव्हरीथिंग' निवडा आणि पुढच्या पानावर 'क्लीन डेटा' चालू करा. मोठ्या डिस्कला यात काही तास जातात, म्हणून लाइट टिकण्याची खात्री असेल अशाच वेळी लावा.